पाणी राहू द्या, आधी चर दाखवा

१७०० सालापासून जगातल्या किती पाणथळ जागा नष्ट झाल्या? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याचे उत्तर होते ८७ टक्क्यांपर्यंत. हा आकडा पुढे भाषणांत, अहवालांत, पोस्टरांवर इतका फिरला की तो कुणाचा हेही लोक विसरले. मग २०२३ साली ‘नेचर’मध्ये दुसरा अभ्यास आला. त्याने सांगितले, २१ टक्के. म्हणजे सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर. दोन्ही कामे जबाबदार शास्त्रज्ञांचीच. तरी फरक चौपट.

या फरकाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पहिला आकडा ज्या ठिकाणांच्या नोंदी हाताशी होत्या त्यांवरून काढलेला होता, आणि जिथे नासाडी जास्त झाली तिथेच लोकांनी नोंदीही जास्त ठेवल्या होत्या. दुसऱ्या गटाने दुसरे टोक धरले. कुठली जमीन कधी, कशासाठी कोरडी केली गेली, याच्या १५४ देशांतल्या तीन हजारांहून जास्त नोंदी त्यांनी जमवल्या आणि त्यांवरून मागे जात हिशेब मांडला. पाणी कुठे उरले आहे, यापेक्षा ते कोणत्या कामासाठी बाहेर काढले, याकडे त्यांचे लक्ष होते.

कुठला आकडा खरा, या वादात मला फारसा रस नाही. युरोप, अमेरिका आणि चीनच्या काही भागांत नुकसान भयंकर आहे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. माझा मुद्दा त्या दुसऱ्या पद्धतीचा आहे. सरकारी जमिनीवरच्या पाणथळी पुन्हा जिवंत करायच्या असतील, तर आपला पैसा आणि अक्कल आज चुकीच्या नकाशावर खर्च होते आहे. निळ्या ठिपक्यांचे नकाशे दर दहा वर्षांनी नव्याने निघतात. ज्या चरांनी, कालव्यांनी, बांधांनी आणि जमिनीखालच्या नळ्यांनी ते ठिपके पुसले, त्यांचा नकाशा बहुतेक ठिकाणी कुणाकडेच नाही. आणि असलाच तर तो पर्यावरण खात्याकडे नसून पाटबंधारे खात्याच्या कपाटात आहे.

निळा रंग किती फसवा असतो ते बघा. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने २०१६ साली जगाच्या भूपृष्ठावरील पाण्याचा नकाशा प्रसिद्ध केला. १९८४ ते २०१५ या काळातली लँडसॅट उपग्रहांची तीस लाख चित्रे त्यासाठी वापरली होती. हे काम झाले कारण २००८ साली अमेरिकेने लँडसॅटचा सगळा संग्रह फुकट खुला केला. सार्वजनिक माहिती खुली केल्याने काय घडू शकते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. त्या नकाशात दिसले की सुमारे ९०,००० चौरस किलोमीटर कायमचे पाणी नाहीसे झाले, आणि सुमारे १,८४,००० चौरस किलोमीटर नवे पाणी आले. घाईत वाचणारा म्हणेल, चला, जग ओले होत चालले आहे. पण नवे पाणी बहुतांशी धरणांच्या जलाशयांचे. एका खोऱ्यातली दलदल बुडवून त्यावर जलाशय उभा राहिला, तर हिशेबात पाण्याची भरच दिसते. हा त्या नकाशाचा दोष नाही, त्याला विचारलाच तेवढा प्रश्न होता. दोष वाचणाऱ्याचा, जो पाण्याला पाणथळ समजतो.

याची उलट बाजूही आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात मॅलहूर नावाचे उथळ सरोवर आहे. १९०८ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी ते पक्ष्यांसाठी राखीव केले. जमीन सरकारची, पाणी जागेवर, उपग्रहाला सगळे ठीक दिसते. पण विसाव्या शतकात तिथे कार्प मासा शिरला. तो तळ उकरतो, गाळ ढवळतो, पाणी गढूळ करतो. गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही, पाण्याखालच्या वनस्पती मेल्या, त्यांच्यावर जगणारी बदके गेली. तिथे चर बुजवून काही होणार नाही. म्हणजे कुठल्याही नकाशात मावणार नाहीत अशी कारणेही असतात, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

तरी बहुसंख्य ठिकाणी कारण साधे असते, जमिनीत खणलेले असते आणि अजूनही तिथेच असते. लायडर नावाचे तंत्र आता विमानातून लेझरचे ठोके सोडून जमिनीची उंची सुमारे दहा सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजते. झाडांच्या फटींतून काही ठोके थेट जमिनीपर्यंत जातात, त्यामुळे संगणकावर झाडे पुसून टाकता येतात आणि खालची उघडी जमीन उरते. जंगलाच्या पोटात गुडघाभर खोल, शंभर वर्षांपूर्वी खणलेला, पालापाचोळ्याने भरलेला चर त्या चित्रात सरळ रेघ म्हणून उठून दिसतो. निसर्ग अशी रेघ सहसा ओढत नाही. इंग्लंडने २०१५ पासून आपला लायडर खुला केला, अमेरिकेने २०१६ पासून देशभर असे मापन सुरू केले आणि ते आता जवळपास पूर्ण होत आले आहे. २०२५ साली इंग्लंडचा पीट-नकाशा प्रसिद्ध झाला. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींचा थर. त्यात पीटचा विस्तार आणि जाडी यांबरोबर डोंगरमाथ्यावरच्या निचऱ्याच्या वाटाही टिपल्या आहेत. मला हवा आहे तो नकाशा साधारण या जातीचा.

दुसरा साक्षीदार खुद्द माती. जी जमीन वर्षानुवर्षे पाण्याखाली असते तिच्यात प्राणवायू पोचत नाही, लोहाचे रूप बदलते, माती राखाडी-निळसर होते, तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके पडतात. पाणी काढून घेतले तरी ही खूण लगेच जात नाही, अनेक दशके राहते. म्हणून माती सर्वेक्षणाच्या नकाशावर जी जमीन एकेकाळी ओली होती असे दिसते आणि आजच्या पाणथळ-नकाशावर जी कोरडी आहे, ती दोन्ही एकावर एक ठेवून वजा केली की हरवलेल्या पाणथळींची यादी मिळते. त्यावर सरकारी मालकीच्या सीमा ठेवा. त्यावर चर ठेवा. चार थर एकत्र आले की कुठून सुरुवात करायची हे जवळजवळ स्वतःहून समोर येते. यात चमत्कार काही नाही, एखाद्या महिन्यात होणारे काम आहे, फक्त चौथा थर मिळाला पाहिजे.

तिसरा साक्षीदार जुने सर्वेक्षण. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सरकारी जमिनीचे मापन करणारे लोक चालता चालता वहीत लिहीत जात, इथून दलदल लागली, इथे संपली, या कोपऱ्याला अमुक जातीचे झाड. हेतू जमीन विकण्याचा होता. आज तेच टिपण पर्यावरणाचे लोक उघडून बसतात. आणि इथे एक विचित्र गोष्ट समोर येते. १८४९, १८५० आणि १८६० च्या कायद्यांनी अमेरिकी सरकारने आपल्याच मालकीच्या दलदली राज्यांना देऊन टाकल्या, अट एवढीच की त्या कोरड्या कराव्यात. अशा सुमारे साडेसहा कोटी एकर जमिनी गेल्या. १७८० ते १९८० या दोनशे वर्षांत मुख्य अमेरिकेतल्या पाणथळी अंदाजे २२ कोटी एकरांवरून १०.४ कोटींवर आल्या, त्यात या कायद्यांचा वाटा मोठा. म्हणजे पाणथळ मारणे हे सरकारी धोरण होते, त्यासाठी नकाशे होते, खर्च मंजूर होत होता, कागद नीट ठेवले जात होते. मारण्याचा कागद इतका व्यवस्थित आणि जगवण्याचा इतका भोंगळ, हे मला खटकते.

सार्वजनिक जमिनीचाच आग्रह का, असे कुणी विचारेल. कारण साधे आहे. फ्लोरिडातली किसिमी नदी घ्या. १९४७ च्या पुरांनंतर तिला शिस्त लावायचे ठरले. १९६२ ते १९७१ मध्ये सुमारे १६६ किलोमीटरची वळणावळणाची नदी सुमारे ९० किलोमीटरच्या, नऊ मीटर खोल सरळ कालव्यात कोंबली गेली. पूरमैदान वाळले, हिवाळी बदके ९० टक्क्यांहून जास्त घटली. पुढे लोकांनी ओरड केली आणि १९९९ पासून कालवा बुजवायला घेतला. २०२१ मध्ये काम संपले तेव्हा सुमारे ३५ किलोमीटर कालवा भरला गेला होता आणि सुमारे ७० किलोमीटर नदी आपल्या जुन्या वळणांत वाहू लागली होती. जुनी वळणे कुठे होती, कुठे कोणती वनस्पती होती, हे १९५० च्या दशकातल्या हवाई छायाचित्रांवरून ठरवले. खर्च जवळपास शंभर कोटी डॉलर. त्यातला मोठा वाटा आणि बरीच वर्षे कशात गेली? आजूबाजूची खाजगी जमीन विकत घेण्यात. पाणी चढले की कुणाचे तरी कुरण बुडणार, कुणाचे तरी घर. जमीन आधीच सरकारची असेल तर हा सगळ्यात महागडा टप्पा गळून पडतो. तरीही सरकारी जमिनीवरची कामे रेंगाळतात, आणि त्याचे कारण माहितीचा अभाव असे सांगितले जाते.

माहितीचा अभाव म्हणजे नेमके काय, ते भारताच्या उदाहरणात स्वच्छ दिसते. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने २०११ साली राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळी त्यात क्षेत्र म्हणून आखलेल्या आहेत, आणि त्याहून लहान ५,५५,५५७ केवळ ठिपके म्हणून. १:५०,००० च्या नकाशावर २.२५ हेक्टरचा चौकोन तीन मिलिमीटरचा होतो, त्याहून लहान काय आखणार, हे तांत्रिकदृष्ट्या रास्तच. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली संरक्षणाचा आदेश दिला तो या मोठ्या दोन लाखांसाठी. पुढच्या नकाशासंग्रहात ही संख्या २,३१,१९५ झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी आणि हद्दनिश्चिती करायला सांगितले. चांगलेच झाले. पण पेन्सिलीच्या टोकाची मर्यादा बघता बघता कायद्याची मर्यादा झाली, हे विसरू नये. नकाशा काढणाऱ्याने कधी म्हटले नव्हते की ठिपक्यांना कडा नसतात.

आणि या दोन्ही संग्रहांत कारणाचा रकाना नाही. अमुक तळे कमी झाले हे कळते. त्याचा सांडवा कुणी खोल केला, वरच्या ओढ्यावर काय बांधले, भराव कोणत्या रस्त्याचा, हे कळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय पाणथळ सूचीची, १९७० च्या दशकात सुरू झालेल्या आणि जगात सर्वांत तपशीलवार समजल्या जाणाऱ्या कामाची, अवस्था थोडी बरी आहे. तिच्या १९७९ च्या वर्गीकरणात ‘अंशतः निचरा केलेली’ अशी खूण करता येते. पण ती खूण पाणथळीवर लागते, चरावर नाही. जी पूर्णच गेली तिच्यावर खूण करायला काही उरतच नाही.

आता आक्षेप. त्यातले एक-दोन खरोखर जड आहेत.

पहिला आक्षेप तंत्रज्ञांचा. चरांचा नकाशा कधी पूर्ण होत नाही. खरे आहे. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात जमिनीखाली पुरलेल्या मातीच्या आणि प्लास्टिकच्या नळ्यांतून पाणी जाते, त्या लायडरलाही दिसत नाहीत. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांत हवाई छायाचित्र घेतले तर नळीवरची माती आधी वाळून फिकट पट्टे दिसतात, एवढाच त्यांचा माग. लायडरचा आणखी एक घोटाळा म्हणजे रस्त्याखालची मोरी. वरून रस्ता सलग दिसतो, संगणक समजतो बांध आहे, आणि रस्त्यामागे एक तळे आखून मोकळा होतो. प्रत्यक्षात पाणी मोरीतून सुखाने निघून गेलेले असते. या चुका बसल्या जागी सुटत नाहीत, कुणीतरी चिखलात उतरून मोरीत डोकवावे लागते. पण यावरून नकाशाच नको, असे निघत नाही. जागेवर जायचे कुठे ते नकाशाने सांगावे, आणि जागेवर गेलेल्याने नकाशा सुधारावा. पूर्ण अचूकतेची वाट पाहणे हे काम न करण्याचे सगळ्यात सभ्य निमित्त आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. सरकारी जमीन म्हणजे रिकामी जमीन नव्हे. इंडोनेशियात १९९० च्या दशकाच्या मध्यात सुहार्तो सरकारने मध्य कालिमंतानमध्ये सुमारे दहा लाख हेक्टरवर भात पिकवायची योजना काढली. सरकारी वनजमिनीतल्या पीटमधून चार हजार किलोमीटरहून जास्त कालवे खणले. भात जवळजवळ पिकलाच नाही. पीट मात्र वाळले आणि पेटले, १९९७ मध्ये पेटले, २०१५ मध्ये पुन्हा पेटले. २०१६ मध्ये वीस लाख हेक्टरचे लक्ष्य घेऊन पीट पुनरुज्जीवनाची खास संस्था स्थापन झाली आणि कालव्यांत आडबांध घालायला सुरुवात झाली. नकाशावर तो कालवा म्हणजे जखम. पण वीस वर्षांत गावकऱ्यांची होडी त्याच कालव्यातून जाऊ लागली होती. मासेमारी, रबराची ने-आण, सगळे त्यातूनच. आडबांध घातला की रस्ता बंद. त्यामुळे होडी पार होईल असे आडबांध बांधावे लागले, आणि जिथे गावाला विचारले नाही तिथे ते रातोरात उखडले गेले तर नवल वाटायला नको.

म्हणून चराच्या नकाशात त्याचा आजचा वापर लिहिलाच पाहिजे. कोण चालतो, कोण गुरे पाजतो, कुणाच्या शेताचे पाणी त्यातून उतरते. हा रकाना उपग्रह भरून देणार नाही. सार्वजनिक जमीन म्हटली की अतिक्रमण हा शब्द फार पटकन येतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पंजाबमधल्या एका गावतळ्यावरच्या बांधकामाच्या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरचे बेकायदा कब्जे हटवायचा आदेश दिला, तेव्हाही भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती, शाळा, दवाखाने यांच्यासाठी अपवादाची जागा ठेवली होती. तेवढे भान नकाशा आखणाऱ्यानेही ठेवावे. बळकट भराव आणि दुबळी झोपडी नकाशात सारख्याच जाडीच्या रेषेने आखली, की कारवाई झोपडीवर आधी होते. हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

तिसरा आक्षेप असा की खोऱ्याच्या वरच्या भागात पाणीच नसेल तर खालचे चर बुजवून काय उपयोग? इराकच्या दक्षिणेतल्या दलदली १९९० च्या दशकात सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने बांध आणि कालवे घालून मुद्दाम कोरड्या केल्या. २००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९७० च्या दशकातली आणि २००० सालची उपग्रहचित्रे शेजारी ठेवून दाखवले की सुमारे ९० टक्के दलदल गेली आहे. २००३ मध्ये राजवट पडताच स्थानिक लोकांनी बांध फोडले. कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही, कुणाचा आराखडाही नव्हता. पाणी परतले, लव्हाळे परतले, काही वर्षांत मोठा भाग हिरवा झाला, २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागले. पण तिग्रिस-युफ्रेटिसवरच्या तुर्कस्तानातल्या आणि इतर धरणांनी आणि दुष्काळांनी पुढे पुन्हा पुन्हा ती कोरडी पडली. हा आक्षेप मला मान्यच आहे. फक्त तो माझ्या बाजूचा आहे. धरण हाही एक चरच, खूप वर खणलेला. नकाशा फक्त सरकारी जमिनीच्या कुंपणापर्यंत काढला तर तो दिसणार नाही.

काम झाल्यावर पाणी खरोखर चढले की नाही, हे पाहणे आता पूर्वीइतके अवघड नाही. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून सुटलेला निसार उपग्रह, नासा आणि इस्रो यांचा, लांब तरंगलांबीच्या रडारने झाडीखालचे पाणीही टिपू शकतो आणि दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो. एखाद्या विभागाने दहा चर बुजवल्याचा अहवाल दिला, तर पुढच्या पावसाळ्यात ते कुणालाही तपासता येईल, चरांची यादी खुली असेल तर. यादी खुली नसेल तर उपग्रह काय तपासणार?

मागणी म्हणून सांगायचे तर ती लहान आहे. सरकारी जमिनीवरच्या प्रत्येक निचऱ्याच्या वाटेला एक क्रमांक द्यावा. ती कुणी, कधी, कोणत्या कामासाठी खणली, ते काम आजही चालू आहे का, तिचा आज उपयोग कोण करतो, आणि ती साफ ठेवायला कोणते खाते दरवर्षी किती पैसे खर्च करते, हे त्यापुढे लिहावे. बहुतेक वाद शेवटच्या रकान्यापाशी पेटतील, कारण अनेक ठिकाणी एक खाते पाणथळीच्या पुनरुज्जीवनासाठी निधी मागत असते आणि दुसरे त्याच जागेचा गाळ उपसून पाणी काढून देत असते, दोघेही एकाच तिजोरीतून. तो रकाना भरताना कार्यालयांमध्ये जी पत्रापत्री होईल ती आधी होऊ द्यावी. आडबांधाची निविदा त्यानंतर.